बर्फाचा क्लब आणि जिनिंगचा कोबा

शनिवार, १९ एप्रिल २०२५, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. धरणगावच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या पटांगणात, बरोबर मध्यभागी, मी तापमापक जमिनीकडे रोखला. कोबा ५३.४ अंश, हवा बेचाळीसच्या वर. सहा वाजता याच कोब्यावर आमच्या जळगावच्या मुली धुळ्याच्या संघाशी चाकांच्या स्केटवर हॉकी खेळणार होत्या, आणि हा कोबा अखंड राहणार की नाही, हे त्या सामन्यावर ठरणार होते.

जिनिंगचे मालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत. सारे गाव त्यांना आबा म्हणते. कापसाचा हंगाम उरकला की त्यांचे पटांगण दसरा-दिवाळीपर्यंत मोकळे पडते. यंदा त्यांच्या पुतण्याने तिथे लग्नाचे लॉन काढायचे मनावर घेतले होते. मांडवाचे खांब वाऱ्यात टिकावेत म्हणून मांडववाला कोब्यात भोके पाडून लोखंडी खुंट्या ठोकणार होता, आणि तो सोमवारी यायचा होता. गुळगुळीत कोब्याला अशी भोके पडली की स्केटचे चाक त्यात अडकते आणि मुलगी तोंडावर पडते. म्हणजे खुंट्या बसल्या की आमची हॉकी संपली. मी बरीच मनधरणी केल्यावर आबांनी निकाल सामन्यावर सोडला होता.

“गावनं मानूस पाहाले येस का, ते माले दिसू दे,” ते आपल्या अहिराणीत म्हणाले होते. “उनं तर खुट्या नही. नही उनं, तर तू तुन्हा क्लब दुसरीकडे लई जा.”

लोक आले तर कोबा वाचणार होता; नाही आले तर आम्ही दुसरीकडे जायचे, आणि आमच्याकडे ‘दुसरीकडे’ नव्हते. आणि मी एवढा हट्ट का धरला होता, याचे उत्तर धरणगावात सापडणार नाही. ते स्वित्झर्लंडमधल्या एका दरीत आहे.

त्या दरीत मी दोन हिवाळे काढले. शीतकरण तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले होते. कृत्रिम बर्फाच्या मैदानाखालून जाणाऱ्या नळ्यांतून किती उष्णता उपसावी लागते, हा माझ्या प्रबंधाचा विषय. मोजमापासाठी मला जे मैदान मिळाले, ते एका व्यावसायिक आइस हॉकी क्लबचे होते. खेळाशी मला काही देणेघेणे नव्हते. मला बर्फाची जाडी हवी होती, त्याखालच्या काँक्रीटचे तापमान हवे होते, आणि संध्याकाळची शेवटची बस चुकवायची नव्हती.

पहिल्याच शनिवारी बस चुकली. ती रिकामीच निघून गेली होती, कारण चालक सोडून अख्खी दरी मैदानात उभी होती. पोस्टातली बाई, दातांचा डॉक्टर, मला रोज पाव देणारा बेकरीवाला, सगळ्यांच्या गळ्यात एकाच रंगाचे मफलर. बसायला खुर्च्या होत्या, पण बहुतेक लोक मुद्दाम उभ्याच्या गॅलरीत दाटीवाटीने उभे होते. आमच्या दरीतला संघ त्या दिवशी हरला. सामना संपल्यावर लोकांनी हरलेल्या संघाला मैदानात परत बोलावून घेतले आणि टाळ्या वाजवल्या. हा प्रकार मला समजला नाही, आणि मला जे समजत नाही ते मी सोडत नाही.

माझा पहिला तर्क पैशाचा होता: श्रीमंत देश, श्रीमंत क्लब. तो आठवडाभरात खोटा ठरला. शहरांतले क्लब कितीतरी धनवान होते, आणि हा त्यांच्या पुढे कायम धापा टाकत असे. दुसरा तर्क यशाचा, तोही टिकला नाही. अखेर मी माझ्या घरमालकिणीला विचारले. ती गणिताची निवृत्त शिक्षिका होती आणि तिचे कुटुंब तीन पिढ्या क्लबचे सभासद. माझे जर्मन लंगडे, तिचे बोलणे ठाम. पण आकृत्या काढून समजवायची सवय दोघींनाही होती. त्या हिवाळ्यात रात्रीच्या जेवणावर तिने मला क्लबचा इतिहास सांगितला.

सुरुवात नोकरांनी केली, हे मला सर्वांत आवडले. दरीत थंडी खायला परदेशी पाहुणे यायचे. त्यांच्यासाठी हॉटेलवाले टेनिसचे मैदान पाण्याने भरून गोठवायचे आणि पाहुणे त्यावर हॉकी खेळायचे. स्वयंपाकघरात भांडी घासणारी आणि गोठ्यात काम करणारी गावातली पोरे कडेला उभी राहून पाहायची. पाहुणे चहाला आत गेले की तासभर बर्फ यांचे. अशा उसन्या तासांवर ती शिकली. पुढे त्यांनी स्वतःचा क्लब काढला. चिवट लाकूड वाफेवर वाकवून काठ्या बनवल्या, नडगीवर जुनी मासिके बांधली. पहिल्या गोलरक्षकाच्या अंगावरचे संरक्षण गादीवाल्याने शिवले होते.

“खेळ कधी होणार हे कोण ठरवत असे?” मी विचारले.

“वारा,” ती म्हणाली. “दक्षिणेकडून डोंगर ओलांडून गरम वारा आला की बर्फाचे पाणी. प्रतिस्पर्धी संघ आगगाडीने येऊन पोहोचलेला, आणि मैदानाचे तळे झालेले. मग त्यांना जेवू घालायचे आणि परत पाठवायचे.”

म्हणजे त्या क्लबला मैदान नव्हते. वर्षातून काही आठवडे निसर्ग ते देऊन जात असे. ही अवस्था बदलली ती यंत्रांमुळे, आणि इथे माझा विषय सुरू होतो. कृत्रिम बर्फासाठी जमिनीखाली मैलोगणती नळ्या टाकाव्या लागतात. त्यांच्यासाठीची जमीन एका उन्हाळ्यात सभासदांनी स्वतः खणली. दिवसा आपापली कामे, संध्याकाळी कुदळ. शाळामास्तर जमिनीची सपाटी मोजत होते, म्हणजे माझ्या घरमालकिणीचे वडील. त्या जागेवर, कितीतरी वेळा नव्याने घातलेल्या काँक्रीटवर, मी माझी उपकरणे लावली होती. सपाटीत आजही दोष नव्हता. ज्याने खणले त्याला यंत्रे ठाऊक नव्हती, ज्याला यंत्रे ठाऊक होती त्याला खणायला माणसे मिळाली नसती. क्लब म्हणजे या दोघांची भेट, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

पुढची कहाणी चढाची आणि उताराची. काही वर्षे संघ देशात अव्वल होता. मग खेळाडूंना पगार आले, समुद्रापलीकडून खेळाडू आणायची पद्धत आली, मोठी शहरे पुढे गेली, आणि दरीचा संघ खालच्या गटात घसरला. तिथे तो बराच काळ राहिला. याच काळाबद्दल घरमालकीण सर्वांत रंगून बोलायची. मी एकदा स्पष्टच विचारले, की हरणाऱ्या संघासाठी इतकी वर्षे थंडीत उभे राहण्यात काय अर्थ होता?

“तू शनिवारी कुठे गेली असतीस?” तिने उलट विचारले.

हे उत्तर मला आधी पळवाट वाटले. नंतर लक्षात आले की ते मोजता येण्याजोगे उत्तर आहे. एखादी जागा दर आठवड्याला ठरल्या वेळी उघडी असते, तिथे आपण जातो, आणि आपण नसलो तर कुणाच्या तरी लक्षात येते. निकाल हा त्यातला एक घटक, आणि सर्वांत मोठा नव्हे. पुढे संघ पुन्हा वर आला, मैदानाला छप्पर आले. म्हातारे कुरकुरले, की आता खेळताना डोक्यावर बर्फ पडत नाही. पण शनिवार तोच राहिला.

कौतुक करताना मी आंधळी नव्हते. घरमालकीण स्वतः लहानपणी गोलात उभी राहायची. आइस हॉकीत चेंडूऐवजी असते त्या कठीण रबरी चकतीचा मार मुलांना नको असे, म्हणून सरावाला शेजारच्या या मुलीला बोलावत. सामन्याच्या दिवशी मात्र ती गॅलरीत. “मी त्यांच्याहून जास्त चकत्या अडवल्या,” ती म्हणे, “आणि एकही मोजली गेली नाही.” मुलींचा संघ व्हायला क्लबला फार उशीर लागला. आता तो आहे. त्याच्या सामन्यांना ती कुबडी घेऊन जात असे आणि गोलरक्षक मुलीला गॅलरीतून ओरडून सूचना देत असे. त्या बहुतेक बरोबर असायच्या, असे ती मुलगीच मला म्हणाली होती.

त्या दुसऱ्या हिवाळ्यात मीही सरावाच्या रिकाम्या तासांत काठी धरायला शिकले. वाईट खेळते. पण परतताना सामानात दोन काठ्या होत्या.

जळगावला मी केळी पिकवण्याच्या शीतगृहांची रचना करते. केळ्याला हवे ते तापमान आणि बर्फाला हवे ते तापमान यांत फार मोठे अंतर असले, तरी उष्णता बाहेर काढण्याचे शास्त्र एकच. घर पिंप्राळ्यात. तिथल्या आमच्या कॉलनीत संध्याकाळी मुली स्केटिंग करायच्या, स्कूटर आणि रिक्षा चुकवत, गोल गोल, कुणाशीही न खेळता. मी त्यांच्या हातात काठ्या दिल्या. महिन्याभरात त्यांनी गोल फिरणे सोडून दिले आणि एकमेकींना ढकलायला सुरुवात केली. हीच हॉकीची सुरुवात असते. खडबडीत रस्त्यावर मात्र चेंडू उड्या मारत होता. आम्हाला पृष्ठभाग हवा होता.

तो धरणगावात सापडला. माझे मामा आबांच्या जिनिंगमध्ये व्यवस्थापक आहेत. होळीला त्यांच्याकडे गेले तेव्हा कापूस नुकताच उचलला होता. हंगामात जिथे पांढरे डोंगर असतात, तिथे भला मोठा, सपाट, मशिनने घासलेला कोबा उन्हात चमकत होता. कापसाला माती लागू नये म्हणून तो इतका नितळ ठेवतात. त्यात पावसाच्या पाण्यापुरता नाममात्र उतार. मी वाकून हात फिरवला. मामा म्हणाले, “काय गं, काही सांडलं का तुझं?”

त्या दरीत थंडी मैदान देऊन जात होती. आमच्याकडे कापूस जाताना देऊन जात होता. मला एवढे साम्य पुरले.

आबांना पटवायला मी जिनिंगच्या कार्यालयात तीन-चार रविवार चहा घेतला. विनंतीपेक्षा गोष्ट बरी, म्हणून मी त्यांना क्लबचा इतिहास सांगू लागले. ते असे ऐकत, जसे कापसाच्या भावाचे बोलणे ऐकावे: डोळे मिटून, मध्येच एखादा नेमका प्रश्न टाकत.

“भांडा घासनारा पोऱ्यांनी क्लब काढा?”

“हो आबा.”

“आनि हाटेलवाला काय बोलना नही?”

“बोलला असेल. पण नंतर तोच अध्यक्ष झाला.”

आबा खूप हसले. “मालक असाच ऱ्हास. पहिले नही म्हनस, मंग हार घाली लेस.”

आबा सर्वांत खोलात शिरायचे ते बर्फाच्या बाबतीत. सामन्याच्या मधल्या वेळेत एक यंत्र मैदानावर फिरते, बर्फाचा वरचा थर खरवडते आणि त्यावर पाणी सोडते. ते पाणी गोठून मैदान पुन्हा काचेसारखे होते, हे मी त्यांना सांगितले. पाणी कोमट असते, हेही सांगितले. यावर त्यांचा विश्वास बसेना. म्हणून मी कागदावर आकृती काढून दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली.

आता पुन्हा त्या शनिवारकडे. चार वाजून दहाच्या नोंदीने मी काळजीत पडले होते. आदल्या आठवड्यात सरावात आमची एक मुलगी पडली होती आणि तिच्या गुडघ्याला खरचटण्यापेक्षा चटका जास्त बसला होता. सहापर्यंत कोबा पंचेचाळीसच्या खाली येणार नव्हता. उशिरा सुरू करावे तर अंधार. काही सुचेना, तेवढ्यात धुळ्याच्या संघाच्या गाडीतून फोन आला की ते रस्ता चुकले आहेत. त्यांना आणायला मी स्कूटरने चौफुलीवर गेले.

पाच वाजून वीस मिनिटांनी परत आले तेव्हा पटांगणाच्या फाटकापाशी माणसे दाटली होती. मोजण्याची गरज नव्हती. आबांची अट पुरी झाली होती. कापूस वेचणाऱ्या बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या होत्या, शाळेतली मुले भिंतीवर चढली होती. मी गर्दीतून वाट काढून पुढे गेले आणि थांबले.

सगळा कोबा ओला होता. ओला म्हणजे शिंपडलेला नव्हे, भिजवलेला. कापसाच्या फॅक्टरीत आगीच्या भीतीने मोठी टाकी आणि जाड नळी असते. ती नळी दोन माणसांच्या हातात होती. कडेला, लाल प्लास्टिकच्या खुर्चीत, धुतलेले धोतर नेसून आबा बसले होते. चेहऱ्यावर यजमानाचे समाधान.

“ये पोरी,” ते म्हणाले. “बठ्ठं मैदान तुन्हा क्लबसारखं करी टाकं.”

धुळ्याच्या प्रशिक्षक बाईंनी गाडीतून उतरून एकदा पटांगणाकडे पाहिले आणि एकदा माझ्याकडे. “मॅडम, तुमच्याकडे हॉकी पाण्यात खेळतात का? आम्ही पोहायचे कपडे आणले नाहीत.”

आमची कर्णधार कडेला बसून स्केट बांधत होती. ती उठली, दोनदा पाय रेटले आणि पायाखालून चाके निसटून सरळ बसकण मारून तीन हात घसरत गेली. भिंतीवरच्या पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. कोब्याच्या रंध्रांत अडकलेले कापसाचे बारीक तंतू आणि सरकीची धूळ पाण्याने वर आली होती. दोन्हींचा राखाडी, बुळबुळीत लेप झाला होता. नुसते पाणी असते तर सामन्यापर्यंत उन्हाने उडाले असते. हा लेप वाळला तरी पावडर होऊन चाकाखाली सरकणार होता.

“आबा,” मी शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, “तिथे ते पाणी गोठते. त्याचा बर्फ होतो.”

“इथं बरफ व्हनार नही, येवढं मालेबी समजस,” आबा जरा तडकूनच म्हणाले. “पन कोबा गार ते व्हई ना? त्या पोरीना गुडघा भाजना व्हता. मी पाह्यं व्हतं.”

 त्यावर पुतण्या बोलला. तो फाटकाला टेकून उभा होता आणि इतका वेळ हसू दाबत होता. “आबा, आते दोन होड्या मांगाडी ल्या. खुट्या ठोकी दिध्या असत्या, तर त्यास्ले बांधता तरी उन्या असत्या.”

लोक हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी खिशातून माझी आकृती काढली, उलगडली, पाहिली आणि पुन्हा घडी केली. सामना झाला नसता तर सोमवारी मांडववाला आला असता. लोक आले होते, पण लोकांनी पाहिले काय असते? पाणी. अशा वेळी आबांनाही आपल्याच पुतण्यापुढे माझी बाजू घेता आली नसती.

मी वेळ आणि प्रकाश यांचा हिशेब करत होते, तेवढ्यात गर्दीतून एक उंच, काळीसावळी बाई पुढे आली, सगळ्यांची अक्का. हंगामात ती इथेच कापसातली पाने निवडते. तिने पायाने लेप घासून पाहिला, साडीचा काष्टा खोचला आणि गोदामाकडे बघून ओरडली, “बारदान काढा रे! उभा काय ऱ्हायनात? पंगत बठाडानी शे अशी समजा, नि पुसा!”

बारदान म्हणजे कापसाची जुनी गोणपाटे. गोदामात त्यांची थप्पी होती. पुढचा अर्धा तास मी जे पाहिले, त्याचे तंत्र मला आधी ठाऊक असते तर मी ते शिकवले असते. दोघी-दोघी गोणपाटाची टोके धरून ओढत, लेप उताराच्या दिशेने नेत. मागची जोडी कोरडे गोणपाट ओढत येई. आमच्या मुलींनी स्केट काढले आणि रांगेत शिरल्या. धुळ्याच्या मुली काही क्षण बघत उभ्या राहिल्या, मग त्यांच्या गोलरक्षक मुलीने कुणालाही न विचारता एक गोणपाट उचलले. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, “अगं, आपण पाहुणे आहोत!” ती म्हणाली, “मॅडम, गोलात मीच पडणार आहे.”

अक्काने पुतण्याला फाटकापाशी गाठले. “काय भाऊ, हात मेंदीना शेत का तुन्हा?”

“मी पुसू?”

“नही, तू नवरदेव. तू पाटवर बठ. आमी लगनना गाना म्हनतस.”

तो पुढे आला, खरे तर ढकलला गेला. त्याने पांढऱ्या बुटांनिशी गोणपाट ओढले. अर्ध्या पटांगणापर्यंत पोहोचल्यावर त्याने थांबून, वाकून कोब्यावर बोट फिरवले. नंतर तो मला म्हणाला, की इतकी वर्षे इथे कापूस पडताना पाहिला, पण खालची जमीन अशी दिसते हे लक्षात आले नव्हते.

सहा वाजून पाच मिनिटांनी मी पुन्हा तापमापक रोखला. कोबा कोरडा होता आणि ३९.८ अंशांवर होता. मी दुसऱ्यांदा मोजले, मग तिसऱ्यांदा. माझ्या गणिताने जे सुटत नव्हते, ते आबांच्या नळीने सोडवले होते: बाष्पीभवनाने वरच्या थरातली उष्णता काढून घेतली होती आणि काँक्रीटच्या पोटातली उष्णता वर यायला वेळ लागणार होता. चूक पाण्यात नव्हती. चूक फक्त वेळेत होती, आणि आधी झाडून घेतले नव्हते यात. मी हे आबांना सांगायला गेले.

“आबा, कोबा गार झाला. तुमचे बरोबर होते. पाणी तासभर आधी मारायचे आणि त्याआधी झाडायचे.”

“मंग तू तशी आकृती काढी देवाले पाह्यजे व्हती,” आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता.

सामना दोन छोट्या डावांत झाला. धुळ्याच्या मुली आमच्याहून वेगवान होत्या आणि त्यांची पास देण्याची शिस्त आमच्यात नव्हती. आम्ही हरलो. पण आमच्या कर्णधाराने एकदा मधल्या रेषेपासून एकटीने चेंडू नेला, दोघींना हुलकावणी दिली आणि गोल केला, तेव्हा अक्काने इतक्या जोरात शिवी दिली की पंचांनी खेळ थांबवून मागे पाहिले. ती शिवी कौतुकाची होती. खेळ कळायला लोकांना फार वेळ लागला नाही. हे गाव कबड्डी पाहत वाढलेले आहे. कुणाला कुठे अडवायचे हे बायांना चेंडूआधी दिसत होते. “डावीकडे, डावीकडे जाय ना!” असे त्या धुळ्याच्या मुलींनाही सांगत होत्या.

अंधार पडता पडता लोक पांगले. मुली धुळ्याच्या गाडीभोवती काठ्यांची अदलाबदल करत होत्या. आबा खुर्चीतून उठले, चपला काढल्या आणि कोब्याच्या मध्यापर्यंत अनवाणी चालत गेले. पुतण्या मागोमाग.

“लगना लाव,” आबा त्याला म्हणाले. “तुले मी नही म्हनत नही. शनवार-रईवार सोडी दे. पन या कोबामा खुटी ठोकानी नही.”

“आबा, वावधन उनं तर मांडव उडी जाई.”

“तर ड्रममा रेती भर, त्यान्हामा खांब गाड. ड्रम हालावता येस, भोक हालावता येत नही.”

पुतण्याने वाद घातला. ड्रम किती लागतील, ते वऱ्हाडात कसे दिसतील, कापडाने झाकावे लागतील. पण तो वाद कसे करायचे याचा होता. करायचे की नाही, हे संपले होते. तो बोलता बोलता पावलांनी अंतर मोजू लागला, आणि मोजताना आमची गोलाची रेषा ओलांडली नाही.

त्या रात्री मी माझ्या जुन्या घरमालकिणीला फोन केला. तिला गोणपाटाचा प्रकार दोनदा सांगावा लागला; जर्मनमध्ये त्याला शब्द सापडेना. तिने निकाल विचारला. हरलो, म्हणाले. “पुढचा सामना कधी?” तिने विचारले, जणू तेच एकमेव महत्त्वाचे असते. मी म्हणाले, शनिवारी सराव आहे. ती म्हणाली, मग गोलरक्षक मुलीला सांग, काठी जमिनीला टेकवून ठेव, उचलू नकोस. ती आमच्या मुलीला कधीही भेटलेली नाही. सूचना बरोबर होती.

पुढच्या शनिवारी मी जिनिंगमध्ये पोहोचले तेव्हा कोबा झाडून झालेला होता. अक्का आणि तिच्या जोडीदारणी सावलीत बसल्या होत्या, बारदाने तयार ठेवून, कारण नसताना. आबा स्वतः नळीपाशी उभे होते. मांडववाला सोमवारी येऊन ड्रमांची मापे घेऊन गेला होता, असे मामा म्हणाले. पुतण्याने रेतीची ट्रॉली सांगितली होती.

“किती वाजता सुरू करू?” आबांनी विचारले. या वेळी ते माझ्याशी शहरी मराठीत बोलत होते, जसे ते बँकेतल्या माणसांशी बोलतात.

“आता,” मी म्हणाले.

त्यांनी पाणी सोडले. कोब्यावरून वाफेचा वास उठला. कापूस, सरकी आणि तापलेल्या सिमेंटचा. आबा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू नळी फिरवत गेले आणि कुणालाही तिला हात लावू दिला नाही. मुली भिंतीच्या सावलीत स्केट बांधत वाट बघत होत्या. मी घड्याळ लावले. शेवटचा ओला डाग गोलाच्या खांबापाशी राहिला होता; तो आकसत गेला, वाटीएवढा झाला, मग नाणे, मग नाही. मुली उठल्या. मी नोंद केली: पाणी बंद केल्यापासून कोबा पूर्ण कोरडा होईपर्यंत लागलेला वेळ, ३८ मिनिटे.